जीवांचे वर्गीकरण व नामकरण

जीवांचे वर्गीकरण व नामकरण : सजीवांना त्यांच्या नात्यागोत्याप्रमाणे गटांत बसवणे आणि प्रत्येक गटाला जगभर चालेल असे एकच नाव देणे, हे काम करणारी जीवविज्ञानाची शाखा. यातले वर्गीकरण हे अभ्यासकाचे मत असते आणि नवा पुरावा आला की ते बदलते. नामकरण मात्र नियमांनी बांधलेले असते. हा भेद ध्यानात घेतला, तर ‘शास्त्रीय नावे सारखी का बदलतात’ या नेहमीच्या तक्रारीचे उत्तर मिळते.

एकाच नावाचा आग्रह कशासाठी, हे शंखपुष्पीवरून कळते. आयुर्वेदातली ही प्रसिद्ध वनस्पती. पण केरळात शंखपुष्पी म्हणून गोकर्ण वापरतात, उत्तर भारतात कॉनव्हॉल्व्ह्युलस प्रोस्ट्रेटस ही जमिनीलगत पसरणारी वनस्पती, तर काही ठिकाणी विष्णुक्रांता. शेवटच्या दोन निदान एका कुलातल्या, हरिणपदी कुलातल्या आहेत. गोकर्ण तर शेंगा धरणाऱ्या शिंबावंत कुलातली. नाव एक, औषधे तीन. बोलीतली नावे सुंदर असतात, त्यांत लोकांचे निरीक्षण साठलेले असते आणि ती जपायलाच हवीत; पण दोन प्रांतांतली माणसे एकाच झाडाविषयी बोलत आहेत याची खात्री ती देऊ शकत नाहीत.

सतराव्या-अठराव्या शतकांतल्या युरोपीय पंडितांसमोर हीच अडचण होती. त्यांची लॅटिन नावे म्हणजे छोटी वर्णनेच असत. नवी वनस्पती सापडली की जुन्या नावात आणखी दोन विशेषणे घालावी लागत, आणि नाव आठ-दहा शब्दांवर जाई. स्विस वनस्पतिज्ञ कॅस्पर बाउहिन याने १६२३ मध्ये पुष्कळ वनस्पतींना दोन शब्दांची नावे दिली, पण ती सर्वत्र रुजली नाहीत. त्या कामाची आठवण आपण दर दसऱ्याला हातात धरतो. सोने म्हणून वाटल्या जाणाऱ्या आपट्याचे शास्त्रीय नाव बौहिनिया रेसिमोझा. पानाचे जोडलेले दोन सारखे भाग पाहून कॅस्पर आणि त्याचा भाऊ योहान या दोघांच्या नावे ही प्रजाती (जीनस) करण्यात आली.

ही प्रजाती ज्याने स्थापली त्या कार्ल लिनीयस (१७०७–७८) या स्वीडिश निसर्गशास्त्रज्ञाने १७५३ साली वनस्पतींना आणि १७५८ साली प्राण्यांना सरसकट दोन शब्दांची नावे दिली. गंमत अशी की लांब वर्णनात्मक नाव हेच त्याला खरे नाव वाटे. दोन शब्दांचे नाव केवळ सोयीचे. टिकली ती सोय. आजही वनस्पतींच्या नावांची मोजणी १७५३ पासून आणि प्राण्यांच्या नावांची १७५८ पासून होते. त्याआधीच्या नावांना अग्रहक्क, म्हणजे जुनेपणाचा मान, नाही.

भारतात कधीच न आलेल्या लिनीयसने इथल्या शेकडो झाडांना नावे कशी दिली? त्याचा एक मोठा आधार होता ‘हॉर्टस मलाबारिकस’. कोचीनचा डच अधिकारी हेंड्रिक व्हान ऱ्हेडे याने तयार करवून घेतलेला हा बारा खंडांचा सचित्र ग्रंथ १६७८ ते १६९३ या काळात ॲम्स्टरडॅमला छापला गेला. त्याला माहिती पुरवली इट्टी अच्युतन या मलयाळी वैद्याने आणि रंग भट, विनायक पंडित, आपू भट या कोकणीभाषक वैद्यांनी. त्यांनी नागरी लिपीत लिहून दिलेला कोकणी दाखला ग्रंथात छापलेला आहे. लिनीयसच्या काही नावांचा अधिकृत आधार म्हणून आजही या ग्रंथातली चित्रेच धरली जातात. या तिघा कोकणीभाषक वैद्यांचे नाव आपल्याकडे घेतले जात नाही, ते घ्यायला हवे.

श्रेणींची उतरंड शेकरूवरून पाहता येते : सृष्टी प्राणी, संघ रज्जुमान, वर्ग सस्तन, गण कृंतक, कुल खारींचे, प्रजाती रटुफा, जाती रटुफा इंडिका. मराठीत इथे एक घोटाळा कायम होतो. परिभाषेप्रमाणे ‘जाती’ म्हणजे स्पीशीज आणि ‘प्रजाती’ म्हणजे तिच्या वरची पायरी, जीनस. वृत्तपत्रे मात्र ‘बेडकाची नवी प्रजाती सापडली’ असे लिहितात आणि बहुतेक वेळा त्यांना जातीच अभिप्रेत असते. नवी जाती सापडणे ही विरळा गोष्ट नाही. नवी प्रजाती सापडणे ही फार मोठी बातमी आहे. म्हणून हा फरक पाळणे अगत्याचे.

नावातला पहिला शब्द प्रजातीचा, दुसरा जातीचा. पुढे नाव देणाऱ्याचा उल्लेख येतो. शेकरूचे पूर्ण नाव रटुफा इंडिका (एर्क्सलेबेन, १७७७) असे लिहितात. तो कंस शोभेचा नाही. एर्क्सलेबेनने शेकरूला साध्या खारींच्या स्क्युरस प्रजातीत ठेवले होते आणि पुढे त्याला वेगळ्या प्रजातीत हलवले, एवढा इतिहास तो कंस सांगतो. नागाचेही तसेच. लिनीयसने त्याला कोल्युबर नाजा म्हटले; त्यातला ‘नाजा’ आपल्या ‘नाग’ या शब्दावरूनच आला. १७६८ मध्ये लॉरेंटीने नाजा हीच प्रजाती केली आणि नागाचे नाव नाजा नाजा झाले. प्राण्यांत अशी द्विरुक्ती चालते (चितळ ॲक्सिस ॲक्सिस आहे), वनस्पतींत ती निषिद्ध आहे. कारण दोघांच्या संहिता, म्हणजे नामकरणाचे नियमसंग्रह, स्वतंत्र आहेत; जीवाणू आणि विषाणू यांच्या आणखी वेगळ्या. त्यामुळे फायकस हे वड-पिंपळाच्या प्रजातीचे नाव एका सागरी गोगलगायीच्या प्रजातीलाही आहे, आणि त्यात काही गैर नाही.

या संहितांचा गाभा दोन नियमांत आहे. एक, अग्रहक्क : एकाच जीवाला अनेक नावे पडली असतील तर रीतसर प्रसिद्ध झालेले सर्वांत जुने नाव खरे. दोन, प्ररूप : प्रत्येक नाव एका ठरावीक नमुन्याला बांधलेले असते. जातीचे प्ररूप म्हणजे संग्रहालयात जपलेला एखादा प्राणी, वाळवून कागदावर चिकटवलेली फांदी किंवा क्वचित एखादे चित्र. प्रजातीचे प्ररूप म्हणजे तिच्यातली एक जाती. वर्णन चुकले तरी चालते, नमुना सांगेल ते खरे. गट फुटला तर जुने नाव प्ररूप ज्या तुकड्यात असेल त्याच्याकडे जाते. वनस्पतींच्या नव्या जातीचे वर्णन २०११ अखेरपर्यंत लॅटिनमध्येच द्यावे लागे. २०१२ पासून इंग्रजीही चालते.

या नियमांची कसोटी लागली ती बाभळीच्या बाबतीत. लिनीयसने तिला मिमोसा नायलोटिका म्हटले, पुढे ती ॲकेशिया नायलोटिका झाली. ‘ॲकेशिया’ हे ग्रीकांनी इजिप्तमधल्या काटेरी झाडाला दिलेले नाव. म्हणजे ते मुळातच बाभळीचे, आणि बाभूळच त्या प्रजातीचे प्ररूप होती. कालांतराने ॲकेशियात तेराशेहून अधिक जाती जमा झाल्या. त्यांतल्या हजाराच्या आसपास ऑस्ट्रेलियातल्या. हे सगळे एका घराण्याचे नाहीत असे दिसून आल्यावर प्रजाती फोडावी लागली. नियमाप्रमाणे नाव बाभळीकडे राहायला हवे होते आणि ऑस्ट्रेलियातल्या जातींना रॅकोस्पर्मा म्हणावे लागले असते. एवढी नावे बदलण्यापेक्षा प्ररूपच बदलून एक ऑस्ट्रेलियन जाती त्या जागी बसवावी, असा प्रस्ताव आला. वनस्पतिशास्त्राच्या २००५ च्या आंतरराष्ट्रीय व्हिएन्ना परिषदेत सुमारे ५५ टक्के मते प्रस्तावाच्या विरोधात पडली; पण प्रस्तावामागे समितीची शिफारस होती आणि ती फेटाळायला ६० टक्के लागत होती. प्रस्ताव मंजूर झाला आणि २०११ मध्ये मेलबर्नला त्यावर शिक्कामोर्तब झाले. आपली बाभूळ आता व्हॅशेलिया नायलोटिका आहे आणि खैर सेनेगालिया कॅटेचू. व्हॅशेल हा मकावमध्ये वनस्पती गोळा करणारा ईस्ट इंडिया कंपनीचा पाद्री. कमीत कमी नावे बदलावीत हा हेतू समजण्यासारखा आहे. तरीही ज्या झाडावरून नाव पडले त्याच झाडाला ते नाकारले जावे, हे मनाला पटत नाही.

याउलट शमीला नियमाने तारले. शमी आणि मूळची अमेरिकेतली वेडी बाभूळ दोघीही प्रोसोपिस प्रजातीत होत्या. २०२२ मध्ये ती प्रजाती फोडण्यात आली. प्ररूप शमीच असल्याने ती प्रोसोपिस सिनेरारियाच राहिली आणि वेडी बाभूळ नेल्टुमा ज्युलिफ्लोरा झाली. आपली बाभूळ आणि वेडी बाभूळ यांच्यातले अंतर बोलीतल्या त्या ‘वेडी’ या विशेषणाने आधीच ओळखले होते.

नात्यावर आधारलेल्या वर्गीकरणाची पद्धतशीर मांडणी जर्मन कीटकशास्त्रज्ञ व्हिली हेनिग याने १९५० मध्ये केली. एका पूर्वजाचे सगळे वंशज ज्यात येतात तोच खरा गट, हे त्याचे सूत्र. ते मानले की मगर पालीपेक्षा चिमणीला जवळची ठरते आणि पक्ष्यांना वगळून केलेला ‘सरपटणारे प्राणी’ हा गट अपुरा पडतो. डीएनएच्या तुलनेने या पद्धतीला मोठे बळ दिले, आणि नावांची उलथापालथही वाढली.

शिवनेरीच्या कड्यांवर उगवणारी शिंदळ माकडी ही वनस्पती त्यातलीच. डाल्झेल याने १८६५ मध्ये मुंबईचे गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांच्यावरून तिला फ्रेरिया इंडिका असे नाव दिले. जगात या प्रजातीची ही एकच जाती, म्हणून तिचे अप्रूप. पुढे तिला नातेवाइकांच्या प्रजातीत सामावून घेतले. तिथे ‘इंडिका’ हे नाव आधीच दुसरीने घेतलेले होते. म्हणून ती बाउसेरोसिया फ्रेरी झाली, आणि फ्रिअरचे नाव पहिल्या शब्दातून दुसऱ्यात गेले. वनस्पतिसंग्रहांत असे नाव बदलले की जुनी चिठ्ठी काढत नाहीत. नवी चिठ्ठी तारीख आणि सहीसह शेजारी चिकटवतात. वाळलेली फांदी तीच राहते.