क्षेपणभूमीलगतच्या भूजलाचे निरीक्षण

घनकचरा कायमचा पुरून टाकलेल्या जागेतून, म्हणजे क्षेपणभूमीतून, दूषित पाणी खाली झिरपून भूजलात मिसळते आहे का, हे ठरावीक अंतराने तपासत राहण्याची पद्धत. जागेभोवती खास खोदलेल्या निरीक्षण विहिरींत पाण्याची पातळी मोजतात, नमुने घेतात आणि प्रवाहाच्या वरच्या अंगाचे पाणी खालच्या अंगाच्या पाण्याशी ताडून पाहतात. एकट्या आकड्याला इथे फारसा अर्थ नसतो. क्लोराइड जास्त निघाले तर ते कचऱ्याचे की मुळातच त्या खडकातले, हे तुलनेशिवाय कळत नाही. म्हणूनच कचऱ्याचा पहिला ट्रक येण्यापूर्वीची मोजणी फार मोलाची. ती राहून गेली तर नंतर भरून काढता येत नाही.

पावसाचे पाणी कचऱ्यातून मुरत जाताना जो काळपट, उग्र वासाचा द्राव होतो त्याला लीचेट म्हणतात. कचरा नवा असतो तेव्हा हा द्राव आम्लधर्मी असतो आणि त्यात सहज कुजणारी सेंद्रिय द्रव्ये भरपूर असतात. पुढे मिथेन तयार करणारे जीवाणू स्थिरावले की त्याचा पीएच ७ च्या वर जातो आणि बीओडी, म्हणजे सेंद्रिय द्रव्ये कुजवायला जीवाणूंना लागणारा ऑक्सिजन, झपाट्याने उतरतो. अमोनिया मात्र कित्येक दशके टिकतो. उतरलेल्या बीओडीकडे पाहून जुनी क्षेपणभूमी ‘शांत झाली’ असे म्हणणे त्यामुळे धोक्याचे आहे. आधुनिक क्षेपणभूमीच्या तळाशी अस्तर असते. अमेरिकी नियमांप्रमाणे किमान ६० सेंमी दाबलेली चिकणमाती आणि तिच्यावर किमान १.५ मिमी जाडीचा एचडीपीई (घट्ट पॉलिथिन) प्लास्टिकचा पत्रा. तरी सांध्यांत फट राहते, एखादा टोकदार दगड पत्र्यातून आरपार जातो. जुन्या जागांना तर बहुधा अस्तरच नसते.

निरीक्षण विहीर म्हणजे पाणी शेंदायची विहीर नव्हे. ती सहसा ५ सेंमी व्यासाची पीव्हीसी नळी असते. जलधराच्या, म्हणजे भूजल धरून ठेवणाऱ्या थराच्या, नेमक्या खोलीवर तिला बारीक खाचांची जाळी असते, जाळीभोवती धुतलेली वाळू भरतात आणि वर बेंटोनाइट या पाण्याने फुगणाऱ्या मातीचे बूच बसवतात. हे बूच नीट बसले नाही, तर पृष्ठभागावरची घाण नळीच्या कडेने उतरते आणि विहीर स्वतःच प्रदूषणाची वाट बनते. जाळी फार लांब ठेवली तर वेगवेगळ्या थरांचे पाणी एकमेकांत मिसळून दूषण पातळ दिसते. ट्रायक्लोरोएथिलीनसारखे पाण्यापेक्षा जड द्रावक (इतर पदार्थ विरघळवणारी द्रव्ये) तळाशी जाऊन बसतात. उथळ विहिरीला त्यांचा पत्ताही लागत नाही.

विहिरी कुठे घ्यायच्या, हा या कामातला सर्वांत अवघड प्रश्न. एका रेषेत नसलेल्या किमान तीन ठिकाणच्या पातळ्या मिळाल्या की भूजलपातळीच्या उताराची दिशा काढता येते. वेगासाठी फ्रेंच अभियंता डार्सी याचा १८५६ मधला नियम आजही पुरतो : पारगम्यता (थरातून पाणी जाऊ देण्याची क्षमता) दिवसाला १० मी., उतार ०.००५ आणि सच्छिद्रता (थरातल्या पोकळीचा वाटा) ०.२५ असेल, तर पाणी दिवसाला ०.२ मी., म्हणजे वर्षाला सुमारे ७३ मी. सरकते. अशा गतीने जाणारा दूषित पाण्याचा पट्टा आडवा फारसा पसरत नाही, त्यामुळे तो दोन विहिरींच्या मधून निसटू शकतो. भेगाळ खडकात तर पाणी मोजक्या भेगांतूनच धावते आणि भेगेत न लागलेली विहीर वर्षानुवर्षे निर्मळ अहवाल देत राहते. जमिनीची विद्युत्‌रोधकता (विजेला होणारा विरोध) मोजून तिच्याखालचा लीचेटचा खारट पट्टा आधी हुडकला, तर विहिरींची जागा अंदाजाने ठरवावी लागत नाही.

नमुना घेताना नळीत साचलेले शिळे पाणी चालत नाही. पूर्वी नळीतल्या पाण्याच्या तिप्पट पाणी उपसून टाकत. आता मिनिटाला अर्ध्या लिटरहून कमी गतीने पंप चालवून पीएच, विद्युत्‌वाहकता आणि विरघळलेला ऑक्सिजन स्थिर होईपर्यंत थांबतात. धातूंसाठीचा नमुना नायट्रिक आम्ल घालून टिकवतात. बाष्पनशील, म्हणजे सहज वाफ होऊन उडणाऱ्या, द्रव्यांसाठीच्या बाटलीत हवेचा बुडबुडाही राहू देत नाहीत.

पहिली चाहूल बहुधा क्लोराइड देते. ते मातीला चिकटत नाही, कुजतही नाही. पाण्याच्याच वेगाने पुढे जाते. अमोनियमला, म्हणजे पाण्यातल्या अमोनियाच्या विद्युत्‌भारित रूपाला, चिकणमाती धरून ठेवते, म्हणून ते मागून येते. काही निकाल चकवणारे असतात. लीचेटमुळे जमिनीखालचा ऑक्सिजन संपला की तिथल्याच खडकमातीतले लोह आणि त्याला चिकटलेले आर्सेनिक विरघळते; म्हणजे कचऱ्यात आर्सेनिक नसतानाही विहिरीत ते सापडू शकते. कधी वरच्या अंगाच्या, म्हणजे ‘स्वच्छ’ मानलेल्या विहिरीतच द्रावक निघतात : ते पाण्याने नव्हे, तर क्षेपणभूमीतल्या वायूबरोबर तिथे पोचलेले असतात.

संख्याशास्त्राचीही एक मेख आहे. १० विहिरी आणि प्रत्येकीत २० घटक म्हटले तर एका फेरीत २०० तुलना होतात. प्रत्येक तुलनेत चुकीच्या इशाऱ्याची शक्यता ५ टक्के ठेवली, तर गळती नसतानाही सरासरी १० ठिकाणी धोक्याची घंटा वाजेल. म्हणून संशयास्पद नमुना पुन्हा घेऊन खात्री करतात.

अमेरिकेच्या १९९१ च्या नियमांनी नगरपालिकांच्या क्षेपणभूमींसाठी साधारणपणे वर्षातून दोनदा तपासणी आणि जागा बंद झाल्यावर ३० वर्षे देखभाल ठरवून दिली. तपासणीच्या पहिल्या टप्प्यात ४७ बाष्पनशील सेंद्रिय द्रव्ये आणि १५ धातू येतात. युरोपीय संघाचा १९९९ चा निर्देश प्रवाहाच्या वर किमान १ आणि खाली किमान २ मापनस्थळे मागतो. भारताच्या २०१६ च्या घनकचरा नियमांत क्षेपणभूमीच्या हद्दीपासून ५० मी. पर्यंतचे भूजल उन्हाळ्यात, पावसाळ्यात आणि पावसाळ्यानंतर तपासण्याची तरतूद होती. ३० वर्षांची मुदत प्रशासनाच्या सोयीची आहे, अमोनियाच्या नव्हे. ओक्लाहोमातील नॉर्मन येथील अस्तर नसलेली क्षेपणभूमी १९८५ मध्ये बंद झाली. नंतरही तिच्यातून नदीकाठच्या गाळात उतरलेल्या लीचेटच्या पट्ट्यावर संशोधन चालू राहिले.