उष्णकटिबंधातील उडी मारणारे कोळी : वर्गीकरण आणि ओळख

उडी मारणारे कोळी, म्हणजेच जंपिंग स्पायडर, साल्टिसिडी या कुलात मोडतात. इंग्रज अभ्यासक जॉन ब्लॅकवॉल यांनी १८४१ मध्ये हे कुल मांडले. जातींची संख्या पाहता कोळ्यांमध्ये याहून मोठे कुल नाही. बर्न येथील निसर्गेतिहास संग्रहालयातून चालणाऱ्या जागतिक कोळी सूचीत त्याच्या सहा हजारांहून अधिक जाती नोंदलेल्या असून त्यांतल्या बहुसंख्य उष्णकटिबंधातल्या आहेत. हे कोळी सहसा जाळ्यात बसून वाट पाहत नाहीत. सावज नजरेने हेरतात, दबकत जवळ जातात, रेशमाचा धागा टेकवतात आणि झेप घेतात. कुल ओळखायला काही सेकंद पुरतात. जात ठरवायला मात्र बऱ्याचदा नमुना सूक्ष्मदर्शकाखाली ठेवावाच लागतो. केवळ रंग आणि नक्षीवरून केलेली ओळख प्रजातीपर्यंत बहुधा टिकते, पुढे भरवसा नाही. (मराठीत हे दोन शब्द उलटसुलट वापरले जातात, इथे प्रजाती म्हणजे जीनस आणि जात म्हणजे स्पीशीज.)

कुलाची खूण

डोळे आठ असतात. चेहऱ्यावर चार डोळ्यांची रांग असते आणि तिच्यातले मधले दोन मोटारीच्या दिव्यांसारखे मोठे आणि थेट पुढे पाहणारे असतात. त्यांच्या मागे, शिरोवक्षाच्या कडेला, टाचणीच्या टोकाएवढी एक जोडी आणि आणखी मागे मध्यम आकाराची एक जोडी. चार-दोन-दोन ही मांडणी लांडगा कोळ्यातही असते, पण त्याचे पुढचे चार डोळे बारीक आणि मोठे दोन दुसऱ्या ओळीत असतात. लिंक्स कोळ्याचे डोळे षट्कोनात मांडलेले असतात आणि पायांवर लांब उभे काटे असतात. तोही झेप घेत असल्याने बागेत नवख्याची फसगत याच्याबाबत जास्त होते.

मोठ्या डोळ्यांचे भिंग हलत नाही; आतली नळी आणि तिच्या टोकाचे दृष्टिपटल हलते. ॲसेमोनियासारख्या फिकट, पारदर्शक कोळ्यांत हे बाहेरून दिसते. डोळा एका क्षणी काळा, दुसऱ्या क्षणी पिवळट भासतो. अशा कोळ्याच्या वर्णनात डोळ्यांचा रंग लिहिण्याला काही अर्थ नाही.

दातांकडून डीएनएकडे

विसाव्या शतकाच्या अगदी सुरुवातीस फ्रेंच अभ्यासक यूजीन सिमॉन यांनी या कुलाची विभागणी जबड्यांच्या आतल्या, मागच्या कडेवरील दातांवरून केली. त्यांचे तीन गट होते : एक दात असलेले, एकच पण टोकाशी दुभंगलेला दात असलेले आणि अनेक दात असलेले. पुढची कित्येक दशके संग्रहालयांतले खण याच क्रमाने लागले. अडचण अशी, की दातांची रचना वेगवेगळ्या वंशशाखांत स्वतंत्रपणे बदलत गेली आहे. त्यामुळे दूरच्या प्रजाती एका गटात आणि सख्ख्या प्रजाती दोन गटांत गेल्या. दात आजही पाहतात, पण प्रजाती पडताळण्यापुरतेच.

डीएनएचा अभ्यास सुरू झाल्यावर चित्र पालटले. कॅनडातील वेन मॅडिसन यांनी २०१५ मध्ये मांडलेले वर्गीकरण सध्या सर्वाधिक वापरात आहे. त्यात सात उपकुले आहेत. ओनोमॅस्टिनी, ॲसेमोनिनी, लायसोमॅनिनी, स्पार्टाइनी, यूपोइनी आणि हिस्पोनिनी ही सहा लहान आहेत. नव्वद टक्क्यांहून अधिक जाती एकट्या साल्टिसिनी उपकुलात येतात. लहान सहा उपकुले जवळजवळ सर्वस्वी उष्ण प्रदेशांतली. लायसोमॅनिनी अमेरिका खंडात, ओनोमॅस्टिनी दक्षिण व आग्नेय आशियात, तर स्पार्टाइनी मुख्यतः आशिया-आफ्रिकेत. दुसऱ्या कोळ्यांची शिकार करण्याबद्दल प्रसिद्ध असलेली पोर्शिया ही प्रजाती स्पार्टाइनीतलीच. पोर्शियाच्या डोळ्यांची दुसरी जोडी बारीक नसून ठळक असते, हा तिला वेगळे काढण्याचा सोपा मार्ग. लायसोमॅनिनी आणि ॲसेमोनिनीत पुढच्या रांगेतले बाजूचे डोळे मागे सरकलेले असल्याने डोळ्यांच्या तीनऐवजी चार ओळी मोजता येतात.

साल्टिसिनीच्या आत भूगोल फार उपयोगी पडतो. ॲमिकोइडा हा गट प्रामुख्याने दक्षिण अमेरिकेचा, मार्पिसोइडा बहुतांशी अमेरिका खंडाचा, ॲस्टिओइडा ऑस्ट्रेलिया व लगतच्या बेटांवर फोफावलेला, तर सॉल्टाफ्रेसिया आफ्रिका, युरोप आणि आशियात. अपवाद आहेतच. भुंगेऱ्यासारखी बसकी, रुंद ऱ्हीनी ही प्रजाती मार्पिसोइडातली असूनही आपल्याकडे झुडपांवर सर्रास दिसते. मुंगीरूपी मिर्माराक्नीचा गट ॲस्टिओइडात असूनही आशिया-आफ्रिकेभर आहे. तरीही झाडाच्या सालीवरचा चपटा कोळी किंवा पानावरचा हिरवट लांबट कोळी ओळखताना आधी खंड पाहावा, मग रूप. चपटेपणा, मुंगीचे सोंग, धातूसारखी चमक या गोष्टी अनेक शाखांत पुन्हापुन्हा उपजल्या आहेत.

पोलंडचे येर्झी प्रुशिन्स्की यांचे काम वेगळ्या वळणाचे. त्यांनी जगभरच्या जातींच्या जननांगांची रेखाचित्रे एकत्र आणली आणि २०१७ मध्ये वंशवृक्षाऐवजी या रेखाचित्रांतल्या साम्यावर आधारलेली व्यवहारी गटवारी सुचवली. तिच्या शास्त्रीय पायाबद्दल मतभेद आहेत, पण पाल्प (तोंडाजवळचा आखूड पायासारखा, नरात जननांगाचे काम करणारा अवयव) समोर ठेवून चित्र जुळवायला बसणाऱ्याला ती चित्रे वंशवृक्षापेक्षा जास्त कामी येतात.

नमुना हाती आल्यावर

पहिला प्रश्न वयाचा. प्रौढ नराच्या पाल्पचे टोक फुगीर असते आणि त्यावर कडक, गडद रचना स्पष्ट दिसते. शेवटच्या कातीआधीच्या नराचा पाल्पही फुगतो, पण गुळगुळीत असतो. प्रौढ मादीच्या उदराखाली, पुस्तकी फुप्फुसांच्या (पानांच्या थप्पीसारख्या श्वसनेंद्रियांच्या) मधल्या आडव्या चिरेच्या पुढे, एपिजाइन नावाची कडक चकती असते. ही चिन्हे नसतील तर कोळी अप्रौढ, आणि काही ठळक अपवाद वगळता अप्रौढाची जात सांगू नये. पिल्लांची नक्षी बऱ्याचदा मादीसारखी असते, आणि नर शेवटच्या कातीनंतर एकदम वेगळाच दिसू लागतो.

जिवंत असतानाच चार बाजूंनी छायाचित्रे घ्यावीत : वरून, समोरून चेहरा, बाजूने आणि खालून. चेहऱ्याचे छायाचित्र हमखास राहून जाते, आणि नरांत नेमकी तिथलीच पट्ट्यांची रचना, डोळ्यांभोवतीचे केस आणि पाल्पचा रंग उपयोगाचे असतात. कोळी स्थिर राहत नसेल तर डबीसह पाच-दहा मिनिटे फ्रिजमध्ये ठेवावा, फ्रीजरमध्ये नको. खालची बाजू पाहण्यासाठी त्याला दोन पारदर्शक पृष्ठांमध्ये फोम लावून हलकेच दाबून धरतात. मापे घेताना शिरोवक्षाच्या लांबीला वजन द्यावे. उदर भरल्यापोटी फुगते आणि उपासात आक्रसते, त्यामुळे एकूण लांबी फसवी असते.

झुडपांवरचे कोळी गोळा करायला एक मीटर चौकोनी पांढरे कापड किंवा उलटी धरलेली छत्री खाली ठेवून फांदीवर काठीचे दोन-तीन झटके देतात. पाचोळ्यातले चाळणीने मिळतात, भिंती-खोडांवरचे डोळ्यांनी शोधावे लागतात. एका कुपीत एकच कोळी ठेवावा. दोन ठेवले तर संध्याकाळी एक आणि काही पाय उरतात. जतनासाठी ७० ते ७५ टक्के इथेनॉल चालते. डीएनए काढायचा असेल तर ९५ टक्क्यांहून जास्त इथेनॉल आणि थंड साठवण हवी. मात्र जास्त तीव्रतेच्या अल्कोहोलमध्ये सांधे ताठरतात आणि पाल्प वळवताना तुटतो, म्हणून एक पाय वेगळा काढून तीव्र अल्कोहोलमध्ये आणि बाकीचा नमुना सौम्य अल्कोहोलमध्ये ठेवण्याची पद्धत सोयीची. चिठ्ठी कुपीच्या आत, पेन्सिलने लिहिलेली असावी. बॉलपेनची शाई अल्कोहोलमध्ये विरघळते. ठिकाण, अक्षांश-रेखांश, उंची, तारीख, अधिवास आणि गोळा करणाऱ्याचे नाव एवढे तीवर पाहिजे.

अल्कोहोलमध्ये हिरवा आणि लाल रंग लवकर उडतो, आणि खवल्यांची चमक ओल्या नमुन्यात दिसत नाही. नमुना बाहेर काढून पृष्ठभाग क्षणभर वाळू दिला तर ती पुन्हा दिसते. फार वेळ ठेवू नये, उदर सुरकुतते. वयस्क कोळ्यांचे खवले घासून गेलेले असतात आणि असा उघडा पडलेला नमुना नवीच जात वाटू शकतो.

निर्णायक अवयव

नराच्या पाल्पमध्ये तीन गोष्टी पाहतात : टेग्युलम हा फुगीर भाग, त्यातून निघणारा वीर्यवाहक काटा म्हणजे एंबोलस, आणि टिबिया या पेराच्या बाहेरच्या कडेवरचा काटा. एंबोलस आखूड आहे की लांब, सरळ की वेटोळा, कुठून सुरू होतो आणि टिबियाचा काटा बाजूने कसा दिसतो, यावर बहुतेक जाती वेगळ्या होतात. युओफ्रायिनी गटात एंबोलस टेग्युलमच्या टोकाशी वेटोळे घेतलेला असतो. क्रिसिलिनीत टेग्युलमवर बरेचदा एक उंचवटा असतो. चित्रे डाव्या पाल्पची, खालून आणि बाहेरच्या बाजूने काढण्याचा संकेत आहे. उजव्या पाल्पचे छायाचित्र तसेच जुळवायला घेतले तर काहीच जुळत नाही. आधी ते आडवे उलटवावे.

मादीत एपिजाइन सुईने कापून वेगळी करतात आणि दहा टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या द्रावणात ठेवतात, म्हणजे स्नायू विरघळून आतल्या नलिका आणि वीर्यकोष दिसतात. वेळ नमुन्यानुसार बदलतो. दर काही मिनिटांनी पाहावे, कारण पातळ भिंतीच्या नलिका प्रमाणाबाहेर राहिल्या तर काचेसारख्या होऊन दिसेनाशा होतात. नंतर पाण्यात धुऊन लवंगतेलात किंवा लॅक्टिक आम्लात तपासतात. समागमानंतर काही जातींत छिद्रावर घट्ट बूच बसते आणि एपिजाइनचा आकारच निराळा वाटतो. ते सुईने काढल्याशिवाय तुलना करू नये.

घरातले तिघे

उष्ण प्रदेशांतल्या शहरांत भूगोलाचा नियम चालत नाही, कारण काही जाती माणसाबरोबर जगभर पसरल्या आहेत. प्लेक्सिपस पायकुली (सुमारे १ सेंटिमीटर) त्यांतली मोठी. नर काळा, मधोमध पाठीपासून उदरापर्यंत पांढरा पट्टा आणि चेहऱ्यावर पांढऱ्या रेघा. मादी तपकिरी, तिचा पट्टा फिकट आणि उदराच्या मागच्या भागात तुटलेला. मेनेमेरस बायव्हिटॅटस चपटा, करडा, उन्हातल्या भिंतीवर चिकटून चालणारा. नराच्या उदरावर मधोमध गडद पट्टा असतो, मादीत गडद रंग दोन्ही कडांना असतो. हसारियस ॲडान्सोनी लहान आणि सावलीप्रिय. नराचा पाल्प पांढरा, उदराच्या पुढच्या कडेला पांढरी कोर, चेहऱ्यावर तांबूस छटा. मादी साधी तपकिरी आणि म्हणून सर्वांत जास्त चुकवणारी. नर तिघांचेही छायाचित्रावरून ओळखता येतात. प्लेक्सिपस पायकुली आणि प्लेक्सिपस पीटर्सी यांच्या माद्या मात्र छायाचित्रावर सोडवू नयेत.

मुंगीचे सोंग

आंब्यावर पाने शिवून घरटी करणाऱ्या तांबड्या मुंग्यांच्या (कोकणात ओंबील) आसपास मिर्माप्लाटा प्लाटालेओइडिस हा तांबूस कोळी सापडतो. शिरोवक्षाला खाच, बारीक कंबर आणि पुढचे पाय मिशांसारखे हलवण्याची लकब यांमुळे तो मुंगीत बेमालूम मिसळतो. नराचे जबडे इतके लांब असतात, की तो दुसरी मुंगी तोंडात धरून चालल्यासारखा दिसतो. २०१६ पर्यंत तो मिर्माराक्नी प्रजातीत होता, त्यामुळे जुन्या पुस्तकांत ते नाव सापडेल. याच मुंग्यांजवळ ॲमिशिया फॉर्टिसेप्स हा खेकडा कोळीही असतो. त्याच्या उदराच्या टोकाशी दोन काळे ठिपके असतात आणि पुढचे मोठे डोळे नसतात, त्यामुळे भिंगातून पाहिल्यावर गोंधळ राहत नाही.

भारतातली नावे

भारतीय प्राणिसर्वेक्षण संस्थेचे बी. के. टिकादार यांनी १९६० आणि १९७० च्या दशकांत भारतातल्या अनेक जातींची वर्णने केली. त्या काळच्या रिवाजानुसार कित्येक जाती फिडिपस, मार्पिसा यांसारख्या मूळच्या दूरदेशीच्या प्रजातींत बसवल्या गेल्या. फिडिपस ही मुळात अमेरिका खंडातली प्रजाती. अशी नावे आता एकेक करून तपासली जात आहेत, म्हणून जुन्या यादीतले नाव वापरण्यापूर्वी जागतिक सूचीत त्याची सद्यःस्थिती पाहिली पाहिजे. नव्या जातीही सापडत आहेत, आणि त्या दूर जंगलातच सापडतात असे नाही. हिस्पोनिनी उपकुलातली जेर्झेगो सुनीललिमये ही २०१७ मध्ये मुंबईच्या आरे परिसरातून, तर आयसियस तुकारामी ही २०२१ मध्ये ठाणे परिसरातून प्रसिद्ध झाली. दुसरीचे नाव २६/११ च्या हल्ल्यात कसाबला धरून ठेवताना प्राण गमावलेले पोलीस अधिकारी तुकाराम ओंबळे यांच्यावरून आहे.

अभयारण्यात किंवा राष्ट्रीय उद्यानात नमुने गोळा करायला वनविभागाची लेखी परवानगी लागते. छायाचित्रांवर चालणाऱ्या ॲपचा पहिला अंदाज शोधाची सुरुवात म्हणून घ्यावा. ज्या जातींची छायाचित्रे जास्त, त्यांच्याकडे तो झुकतो. नोंद करताना पुराव्याइतकेच लिहावे : पाल्प तपासला असेल तर जात, फक्त वरून छायाचित्र असेल तर प्रजाती आणि पुढे ‘जात अनिश्चित’. नमुना अप्रौढ असेल तर तेही चिठ्ठीवर लिहावे, नाहीतर पुढचा माणूस एपिजाइन शोधत बसतो.