पिनियल ग्रंथीचा इतर अवयवांवरील प्रभाव

पिनियल ग्रंथी ही मेंदूच्या मध्यभागी, तिसऱ्या मस्तिष्कविवराच्या (मेंदूतील द्रवाने भरलेल्या पोकळीच्या) मागील बाजूस असलेली, 5 ते 8 मिलिमीटर लांबीची अंतःस्रावी ग्रंथी असून मेलॅटोनिन हे संप्रेरक रक्तात सोडून ती इतर अवयवांना रात्र झाल्याची आणि ती किती लांबली याची वर्दी देते. वर्दी मिळाल्यावर काय करायचे हे मात्र तो तो अवयव ठरवतो. म्हणून तिला सर्व ग्रंथींची स्वामिनी ठरवणे किंवा तिच्या ठिकाणी गूढ शक्ती मानणे याला शरीरक्रियाविज्ञानात आधार नाही; तिचे खरे कार्य त्याहून कमी विस्मयकारक मुळीच नाही.

सस्तन प्राण्यांत या ग्रंथीला उजेड थेट कळत नाही. दृष्टिपटलातील काही चेतापेशी विशेषतः निळसर प्रकाश टिपून हायपोथॅलॅमस या मेंदूच्या तळाकडील भागातील जैविक घड्याळाला कळवतात. तेथून संदेश मज्जारज्जूत उतरतो आणि मानेतील चेतागुच्छिकेमार्फत (चेतापेशींच्या पुंजक्यामार्फत) पुन्हा वर चढून ग्रंथीपर्यंत पोहोचतो. अंधार पडल्यावर तेथे नॉरॲड्रेनॅलिन हे संदेशवाहक रसायन स्रवते व सिरोटोनिन या दुसऱ्या रसायनापासून मेलॅटोनिन तयार होऊ लागते. डोळ्यांवर प्रखर उजेड पडला, तर ही निर्मिती मध्यरात्रीही थांबते. येल विद्यापीठातील ॲरन लर्नर यांनी 1958 मध्ये गुरांच्या पिनियल ग्रंथींतून हे संप्रेरक वेगळे केले.

ऋतूनुसार प्रजनन करणाऱ्या प्राण्यांत हा प्रभाव सर्वांत ठळक असतो. रात्र मोठी झाली की मेलॅटोनिन अधिक काळ स्रवते, त्याची नोंद पोष ग्रंथीचा (पिट्यूटरीचा) एक भाग घेतो आणि त्यावरून हायपोथॅलॅमस जननग्रंथींना चालना देतो किंवा आवरतो. मेंढी मोठ्या रात्रींत माजावर येते, तर हॅमस्टर या प्राण्याचे वृषण त्याच काळात आक्रसतात: वर्दी एकच, अर्थ परस्परविरुद्ध. म्हशीचा कल मेंढीसारखा आहे. कोल्हापुरात, जेथे गंगावेशीच्या कट्ट्यावर गिऱ्हाइकासमोर धार काढून दूध देण्याची रीत आहे, तेथील म्हैसपाळांना पावसाळा सरून दिवस लहान होऊ लागले की म्हशी माजावर येतात, आणि सुमारे दहा महिन्यांनी, पुढच्या पावसाळ्यापासून, वितात हा क्रम चांगला परिचयाचा आहे. या अक्षांशावर सर्वांत मोठ्या व सर्वांत लहान दिवसांत जेमतेम दोन तासांचा फरक असल्याने उन्हाळ्याचा ताण आणि ओल्या वैरणीची उपलब्धता यांचाही त्यात मोठा वाटा असतो.

माणसात असा विणीचा हंगाम नाही; येथे प्रभाव दैनंदिन आहे. मेलॅटोनिन जैविक घड्याळाची वेळ जुळवते, हातापायांच्या त्वचेतील रक्तवाहिन्या रुंदावून शरीराचे आतील तापमान किंचित उतरवते आणि झोपेला वाट करून देते. स्वादुपिंडातील इन्शुलिन स्रवणाऱ्या बीटा पेशींवरही त्याचे ग्राही, म्हणजे त्याचा संदेश टिपणारे रेणू, आहेत. रात्री उशिरा, मेलॅटोनिन वाढलेले असताना भरपेट जेवण केल्यास इन्शुलिन कमी स्रवते व रक्तातील साखर अधिक काळ चढलेली राहते. या ग्राहीच्या जनुकातील एका भेदाचा प्रकार 2 मधुमेहाशी संबंध 2009 मध्ये दिसून आला. यकृत मेलॅटोनिनचे विघटन करते व अवशेष मूत्रावाटे जातात, त्यामुळे सकाळच्या लघवीच्या तपासणीवरून रात्रीच्या स्रावाचा अंदाज घेता येतो.

गाळप हंगामात तिन्ही पाळ्यांत चालणारे साखर कारखाने आणि शिरोली व गोकुळ शिरगाव येथील फाउंड्री यांमुळे कोल्हापूर परिसरात रात्रपाळी करणाऱ्यांची संख्या मोठी आहे. भट्टीसमोर किंवा दिव्यांच्या झोतात रात्र काढणाऱ्या कामगाराच्या शरीरात मेलॅटोनिन दबते, आणि पहाटेचा डबा स्वादुपिंडाला अवेळी गाठतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2007 मध्ये रात्रपाळीच्या कामाचा समावेश बहुधा कर्करोगकारक असलेल्या बाबींत केला. पाळी ठरवताना या बाबीकडे जितके लक्ष दिले जायला हवे तितके अजून दिले जात नाही.

वयाबरोबर ग्रंथीत कॅल्शियमचे कण साठतात व ते क्ष-किरण चित्रात दिसतात. ऑटो ह्यूबनर यांनी 1898 मध्ये या ग्रंथीत गाठ असलेल्या, अकाली वयात आलेल्या मुलाची नोंद केली. अशा काही गाठी स्वतःच जननग्रंथींना चेतवणारे संप्रेरक स्रवतात, हे पुढे समजले. गाठ वाढल्यास मेंदूतील द्रवाची वाट अडून डोकेदुखी व उलट्या सुरू होतात आणि रुग्णाला नजर वर उचलता येईनाशी होते.