जखमी खांदा, मोडका गुडघा आणि मार्च महिना

२००६ सालच्या मार्च महिन्याच्या मध्यावर अमेरिकन फुटबॉलमधील मायामी डॉल्फिन्स या संघापुढे दोन क्वार्टरबॅक होते आणि दोघेही जखमी होते. सत्तावीस वर्षांच्या ड्रू ब्रीजचा उजवा, म्हणजे चेंडू फेकण्याचाच खांदा, ३१ डिसेंबर २००५ रोजी सॅन डिएगो चार्जर्सकडून खेळताना, निसटलेल्या चेंडूवर झेप घेतली असता निखळला होता. एकोणतीस वर्षांच्या डाँटे कल्पेपरच्या उजव्या गुडघ्यातील तीन अस्थिबंध, म्हणजे आपण ज्यांना लिगामेंट म्हणतो ते, ३० ऑक्टोबर २००५ रोजी मिनेसोटा व्हायकिंग्जकडून खेळताना एकाच धक्क्यात तुटले होते. ब्रीजचा करार संपलेला असल्याने तो कोणत्याही संघाकडे जायला मोकळा होता. कल्पेपर मात्र २००३ साली केलेल्या दहा वर्षांच्या, १० कोटी २० लाख डॉलरच्या करारात बांधलेला होता आणि तो हवा असेल तर त्याच्या मोबदल्यात व्हायकिंग्जना काहीतरी देणे भाग होते. डॉल्फिन्सने खेळाडूंच्या वार्षिक निवडीतील, म्हणजे ड्राफ्टमधील, दुसऱ्या फेरीचा आपला हक्क देऊन कल्पेपरला घेतले. ब्रीज न्यू ऑर्लिन्स सेंट्सकडे गेला.

या खेळाशी परिचय नसलेल्या वाचकांसाठी सांगायचे, तर क्वार्टरबॅक हा संघाच्या चढाईचा सूत्रधार असतो. जवळजवळ प्रत्येक चालीत चेंडू प्रथम त्याच्या हाती येतो आणि तो लांबवर फेकायचा, सहकाऱ्याकडे सोपवायचा की घेऊन स्वतःच धावायचे, हे त्याला तीनेक सेकंदांत ठरवावे लागते. तेवढ्यात सव्वाशे-दीडशे किलो वजनाचे प्रतिस्पर्धी त्याच्यावर चालून येत असतात. असे काम उत्तम करणारी माणसे फार थोडी असल्यामुळे एनएफएल या अमेरिकेतील व्यावसायिक लीगमधील सर्वांत मोठे करार त्यांचेच असतात. त्यामुळे असा खेळाडू जखमी झाला की त्याच्या शरीरातील दोन-तीन सेंटिमीटर ऊतीची अवस्था हा कोट्यवधी डॉलरचा प्रश्न बनतो.

आधी ब्रीजच्या खांद्याकडे पाहू. खांद्याचा सांधा शरीरातील सर्वांत मोकळा सांधा आहे आणि या मोकळेपणाची किंमत त्याने स्थैर्य गमावून मोजलेली आहे. दंडाच्या हाडाचा गोल माथा खांद्याच्या फऱ्यावरील उथळ खोबणीत टेकलेला असतो, जणू लहानशा बशीत मोसंबे ठेवावे तसा. या बशीला चिवट कूर्चेची एक उंच कड असते, तिला लॅब्रम म्हणतात. तिच्यामुळे खोबणी खोल होते आणि अस्थिबंधांना घट्ट धरण्यासाठी जागा मिळते. ब्रीजची ही कड जवळजवळ संपूर्ण वर्तुळभर सुटली होती आणि सांध्याभोवतीच्या रोटेटर कफ या स्नायूसमूहालाही इजा झाली होती. चेंडू फेकताना क्वार्टरबॅकचा दंड आधी पूर्ण मागे वळतो आणि मग सेकंदाला सुमारे ५००० अंश इतक्या वेगाने आतल्या बाजूला फिरतो. हा वेग एक पूर्ण सेकंद टिकला, तर दंडाचे जवळजवळ चौदा फेरे होतील. चेंडू हातातून सुटल्यावर हा सगळा वेग थोपवण्याचे काम त्याच कडेवर आणि त्याच स्नायूंवर येते. बर्मिंगहॅम येथील प्रसिद्ध शल्यविशारद डॉ. जेम्स अँड्र्यूज यांनी जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात ती कड पुन्हा हाडाला शिवली. मार्चच्या मध्यावर त्या टाक्यांना जेमतेम दहा आठवडे झाले होते.

कल्पेपरचा गुडघा वरवर पाहता कमी धोक्याचा वाटत होता, कारण चेंडू हाताने फेकला जातो, गुडघ्याने नव्हे. परंतु तुटलेले तीन अस्थिबंध कोणते होते, हे महत्त्वाचे आहे. क्रिकेटप्रेमींना परिचित असलेला एसीएल, त्याच्यामागे त्याला छेदून जाणारा पीसीएल आणि आतल्या बाजूचा एमसीएल असे ते तिघे. यांतील एमसीएल सांध्याच्या पोकळीबाहेर असतो, त्याला रक्त भरपूर मिळते आणि तो बहुधा आपला आपण भरून येतो. एसीएलचे तसे नाही. शरीरातील कोणतीही जखम भरून येताना प्रथम रक्ताची गुठळी तयार होते आणि तिच्या आधारावर नव्या पेशी जाळे विणतात; एसीएल मात्र सांध्यातील वंगणासारख्या द्रवात बुडालेला असल्याने तिथे अशी गुठळी टिकत नाही आणि तुटलेली दोन टोके एकमेकांपासून दूरच राहतात. म्हणून शल्यविशारद त्याच्या जागी कलम बसवतात, बहुतेक वेळा रुग्णाच्याच गुडघ्याच्या वाटीखालील किंवा मांडीमागील कंडरेचा तुकडा घेऊन.

या कलमाचे पुढे जे होते, ते मला या साऱ्या विषयातील सर्वांत विलक्षण वाटते. बसवलेल्या तुकड्याचा रक्तपुरवठा तुटलेला असल्यामुळे त्यातील मूळ पेशी आधी मरतात. काही आठवड्यांनी आसपासच्या ऊतींमधून नव्या रक्तवाहिन्या आत शिरतात, त्यांच्यामागोमाग नव्या पेशी येतात आणि जुने कोलॅजन मोडून नवे रचू लागतात. या मोडतोडीच्या काळात कलम बसवले त्या दिवशी होते त्यापेक्षाही दुबळे असते. नेमक्या याच काळात सूज उतरलेली असते, दुखणे थांबलेले असते, खेळाडू सायकल चालवू लागलेला असतो आणि आपण बरे झालो असे त्याला मनापासून वाटत असते. कंडरेचे अस्थिबंधात रूपांतर होण्याची ही प्रक्रिया पूर्ण व्हायला वर्ष, कधी दोन वर्षेही लागतात. शिवाय मूळ एसीएलमध्ये ताण ओळखणारी चेताग्रे असतात, पाय कोणत्या कोनात आहे हे मेंदूला न पाहता कळते ते काही अंशी त्यांच्यामुळे. कलमात ती पूर्णपणे परत येत नाहीत. कल्पेपर हा सहा फूट चार इंच उंचीचा, प्रचंड ताकदीचा आणि धावण्यावर भर असलेला क्वार्टरबॅक होता, म्हणजे त्याचा निम्मा खेळ गुडघ्यावर उभा होता.

आता खरी अडचण स्पष्ट होते. लीगचे नवे वर्ष मार्चमध्ये सुरू होते. खेळाडू मोकळे होण्याची, अदलाबदलीची आणि अनेक करारांतील मोठे हप्ते देय होण्याची वेळ तीच असते, तर हंगाम सप्टेंबर ते जानेवारी असा चालतो. म्हणजे शरद ऋतूत मोडलेल्या गुडघ्याची बोली कलम सर्वांत अनिश्चित अवस्थेत असताना लागते. एमआरआयमध्ये कलम जागेवर आहे की नाही हे दिसते. ते किती ओझे पेलेल, हे त्यावरून ठरवता येत नाही. जखमी क्वार्टरबॅकच्या अदलाबदलीचे सगळे डावपेच, माझ्या मते, बाजाराची तारीख आणि ऊतीची तारीख यांच्यातील या अंतरातून निघालेले आहेत.

त्यात हिशेबाची गुंतागुंत मिसळते. १९९४ पासून या लीगमध्ये प्रत्येक संघाच्या वार्षिक वेतनखर्चावर मर्यादा आहे; ती त्या वर्षी ३ कोटी ४६ लाख डॉलर होती, २००६ मध्ये १० कोटी २० लाख आणि २०२५ मध्ये २७ कोटी ९२ लाख. मोठ्या करारात खेळाडूला सहीच्या वेळी एकरकमी बोनस रोख मिळतो, पण मर्यादेच्या हिशेबात तो कराराच्या वर्षांवर सारखा विभागून दाखवता येतो, सध्या जास्तीत जास्त पाच वर्षांवर. समजा, पाच वर्षांच्या करारात ५ कोटींचा बोनस दिला, तर दरवर्षी १ कोटी मोजले जातात. दोन वर्षांनी त्या खेळाडूला दुसऱ्या संघाकडे धाडले, तर उरलेले ३ कोटी एकदम जुन्या संघाच्या खात्यावर पडतात, जरी तो खेळाडू आता दुसऱ्याच गणवेशात असला तरी. यालाच तिथे डेड मनी म्हणतात. नव्या संघाकडे केवळ पुढील वर्षांचे वेतन जाते. २०२२ साली अटलांटा फाल्कन्सने मॅट रायन या आपल्या ज्येष्ठ क्वार्टरबॅकला तिसऱ्या फेरीच्या एका निवडहक्काच्या बदल्यात इंडियानापोलिस कोल्ट्सकडे पाठवले, तेव्हा ४ कोटी ५ लाख डॉलरची अशी रक्कम त्यांनी पत्करली होती.

व्यवहार १ जूननंतर केला, तर हा बोजा दोन वर्षांत वाटता येतो. त्यामुळे ऊतीलाही आणखी अडीच-तीन महिने मिळतात आणि विकणाऱ्याच्या दृष्टीने हे उत्तमच. पण तोवर एप्रिलमधील ड्राफ्ट उरकलेला असतो आणि बहुतेक संघांनी आपापला क्वार्टरबॅक ठरवलेला असतो. दुखापतीच्या हमीची अट याहूनही बोचरी आहे. अनेक करारांत पुढील वर्षाचे वेतन, खेळाडू जखमी होऊन वैद्यकीय तपासणीत नापास ठरला, तर आपोआप पक्के होते. २०२२ च्या डिसेंबरात लास व्हेगास रेडर्स या संघाने डेरेक कार या धडधाकट क्वार्टरबॅकला शेवटच्या दोन सामन्यांत बसवून ठेवले, त्यामागे ही भीती होती. उत्तम प्रकृतीच्या माणसाला केवळ तो जखमी होऊ शकतो म्हणून खेळू न देणे, हे मला या व्यवस्थेचे सर्वांत दुःखद रूप वाटते.

विकणारा संघ खेळाडूच्या गुडघ्याबरोबर महिनोन्महिने राहिलेला असतो. विकत घेणाऱ्याला एक दिवस मिळतो. अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज अकेरलॉफ यांनी १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण घेऊन दाखवले होते की विकणाऱ्याला मालाची खरी अवस्था ठाऊक आणि घेणाऱ्याला नाही अशी स्थिती असेल, तर घेणारा सरसकट कमी भाव देऊ लागतो, त्यामुळे चांगला माल बाजारातून निघून जातो आणि बाजारच आक्रसतो. या कामासाठी त्यांना २००१ साली नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला. जुनी गाडी घेताना आपण ओळखीचा मेकॅनिक बरोबर नेतो, तसे फुटबॉलमध्ये अदलाबदल पक्की होण्यापूर्वी नव्या संघाचे डॉक्टर खेळाडूला तपासतात आणि त्यांनी नकार दिला, तर सारा व्यवहार रद्द होतो. आपल्याकडे पुण्याजवळच्या गहुंजे मैदानावर १९ ऑक्टोबर २०२३ रोजी घोटा दुखावलेला हार्दिक पंड्या नोव्हेंबरअखेर आयपीएलमध्ये गुजरातकडून मुंबई इंडियन्सकडे गेला, तेव्हा तोही अजून सावरतच होता. फरक इतकाच की घोट्याच्या त्या इजेचा अंदाज तीन अस्थिबंधांच्या मानाने पुष्कळ सोपा असतो.

अंदाज कठीण असेल, तेव्हा शहाणे संघ किंमत आजच ठरवत नाहीत, ती पुढे ढकलतात. एप्रिल २०२३ मध्ये एकोणचाळीस वर्षांचा क्वार्टरबॅक ॲरन रॉजर्स ग्रीन बे पॅकर्सकडून न्यूयॉर्क जेट्सकडे गेला, तेव्हा त्या सौद्यात अशी अट होती की रॉजर्सने संघाच्या किमान ६५ टक्के चालींत भाग घेतला, तर पुढील वर्षी पॅकर्सना पहिल्या फेरीचा हक्क मिळेल, अन्यथा दुसऱ्या फेरीचा. ११ सप्टेंबर रोजी, जेट्सकडून आपल्या चौथ्याच चालीत, त्याच्या टाचेवरील अकिलीस कंडरा तुटली. जेट्सचा हंगाम त्यामुळे उद्ध्वस्त झाला, पण पहिल्या फेरीचा हक्क त्यांच्याकडेच राहिला. कोल्ट्सचा क्वार्टरबॅक पेटन मॅनिंग याचे प्रकरण याहून नाजूक होते. मानेतील चेता दबल्यामुळे त्याच्या उजव्या दंडामागील स्नायूतील बळ ओसरले होते आणि सप्टेंबर २०११ मध्ये त्याच्या मानेचे मणके जोडण्याची शस्त्रक्रिया झाली. इजा झालेला चेतातंतू नव्याने वाढतो तो दिवसाला साधारण एक मिलिमीटर, म्हणजे मानेपासून दंडापर्यंतचे अंतर कापायला त्याला वर्षाच्या आसपास लागू शकते. कोल्ट्सना मार्च २०१२ मध्ये २ कोटी ८० लाख डॉलरचा बोनस द्यायचा होता. त्यांनी तो देण्याआधी ७ मार्चला त्याला मुक्त केले. डेन्व्हर ब्रॉन्कोसने त्याला पाच वर्षांसाठी ९ कोटी ६० लाखांचा करार दिला, परंतु पहिल्या हंगामानंतरचे वेतन पक्के होण्यासाठी पुढच्या मार्चमध्ये मानेची तपासणी उत्तीर्ण होण्याची अट घातली. चेतातंतूला जितका वेळ लागतो, तितका वेळ त्या करारानेच देऊन ठेवला होता. २०१३ च्या हंगामात मॅनिंगने ५५ टचडाउन पास, म्हणजे थेट गुण मिळवून देणाऱ्या फेकी, करून विक्रम केला.

मायामीने २००६ मध्ये ब्रीजच्या खांद्याला नकार दिला, तो तिथल्या डॉक्टरांच्या सल्ल्यावरून. पुढे जे झाले, ते सर्वश्रुत आहे. त्या हंगामात ब्रीजने लीगमध्ये सर्वाधिक, म्हणजे ४४१८ यार्ड पास फेकले आणि ७ फेब्रुवारी २०१० रोजी कॅटरिना वादळाने उद्ध्वस्त केलेल्या शहराच्या संघाला सुपर बोल, म्हणजे लीगचा अंतिम सामना, जिंकून दिला. कल्पेपर दुखापतीनंतर दहा महिन्यांनी, ७ सप्टेंबर २००६ रोजी, पिट्सबर्गमध्ये मैदानात उतरला. चार सामन्यांत प्रतिस्पर्ध्यांनी त्याला २१ वेळा चेंडूसह जमिनीवर पाडले. पाय मागे रोवून दिशा बदलण्याची त्याची जुनी सहजता हरपली होती. त्याला संघाबाहेर बसवण्यात आले, वर्षअखेर गुडघ्यावर पुन्हा शस्त्रक्रिया झाली आणि २००७ च्या जुलैत मायामीने त्याला सोडून दिले.

एवढ्यावरून त्या डॉक्टरांना चुकीचे ठरवणे मला मान्य नाही. फेकणाऱ्या हाताची कड संपूर्ण वर्तुळात सुटलेली असताना दहाव्या आठवड्यात सावध अंदाज देणे योग्यच होते आणि तो अंदाज शंभर खांद्यांसाठी खरा असूनही एका खांद्याबाबत चुकू शकतो. माझा आक्षेप दुसऱ्या बाजूवर आहे. खांद्याला लावलेली तीच कठोर मोजपट्टी गुडघ्याला लावली असती, तर तीन अस्थिबंधांची इजा, अजून अपक्व असलेले कलम आणि धावण्यावर बेतलेला खेळ हे तिन्ही घटक एकत्र दिसले असते. तरीही गुडघा नवा झाला आहे अशा हिशेबाने, कोणतीही अट न घालता, दुसऱ्या फेरीचा पक्का हक्क देण्यात आला. व्हायकिंग्जनी त्या हक्कावर रायन कुक हा रेषेवर खेळणारा खेळाडू घेतला आणि तो त्यांच्याकडे २०१० पर्यंत खेळत राहिला.