व्हॅलेटातील एक दिवस आणि सशुल्क सहलीचा गैरसमज

भूमध्य समुद्रातील क्रूझवर निघालेल्या प्रवाशांना वर्षानुवर्षे एक सल्ला दिला जातो, तो असा की माल्टाची राजधानी व्हॅलेटा उंच तटबंदीवर वसलेली असल्यामुळे जहाजाची सशुल्क सहल घेतल्याविना ती पाहता येत नाही. हा समज चुकीचा आहे. जहाजे ग्रँड हार्बरमध्ये तटबंदीच्या पायथ्याशीच लागतात. तेथून किनाऱ्याने थोडे चालल्यावर 2012 मध्ये सुरू झालेली, सुमारे 58 मीटर उंचीची लिफ्ट अर्ध्या मिनिटाच्या आत अपर बराक्का उद्यानात पोहोचवते. 1566 मध्ये पायाभरणी झालेले हे शहर लांबीने जेमतेम एक किलोमीटर असून त्याचे रस्ते काटकोनात आखलेले आहेत, त्यामुळे वाट चुकणेच अवघड. कॅराव्हॅजिओने 1608 मध्ये रंगवलेले भव्य चित्र जेथे आहे, ते सेंट जॉन को-कॅथेड्रल सकाळीच गाठावे, मात्र रविवारी ते पर्यटकांसाठी बंद असते. दुपारी 12 वाजता उद्यानाखालच्या तोफखान्यातून सलामीची तोफ डागली जाते.

या सल्ल्यात तथ्य आहे ते एवढेच, की जहाजाच्या स्वतःच्या सहलीला उशीर झाला तर जहाज सहसा थांबते, स्वतंत्रपणे फिरणाऱ्यांसाठी थांबत नाही. परंतु बंदर पायाखालीच असलेल्या शहरात हा धोका फारसा उरत नाही. जहाजावरचे घड्याळ आणि स्थानिक वेळ एकच आहे ना, हे मात्र उतरतानाच पाहून घ्यावे.