छाती दगडासारखी झाली म्हणजे दूध जास्त झालं? नाही हो

बाळंतपणानंतर छाती टणक झाली, ठणकायला लागली की सगळे म्हणतात दूध जास्त झालंय, आता थोडा वेळ पाजू नकोस, आपोआप बसेल. हे खरं नाही, आणि यात आईचे खूप हाल होतात.

साधारण 2ऱ्या ते 5व्या दिवसात दूध उतरतं तेव्हा त्या भागात रक्तपुरवठा वाढतो, पेशींच्या मधल्या जागेत पाणी साठतं, म्हणजे ती नुसती दुधाची गाठ नसते, सूजही असते. प्रसूतीत सलाईन बरंच दिलं असेल तरी सूज वाढू शकते. पण मुख्य कारण म्हणजे दूध नीट बाहेर न पडणं: पहिलं पाजणं उशिरा सुरू झालं, घड्याळ लावून दर 4 तासांनी पाजलं, रात्री वरचं दूध दिलं, किंवा बाळाने नुसतं निप्पल तोंडात धरलं.

पाजणं थांबवलं की ताण अजून वाढतो, निप्पलभोवतीचा काळा भाग इतका ताठ होतो की बाळाचं तोंड घसरतं आणि ते रडतं, आणि आईला वाटतं माझंच चुकतंय. तुमचं काही चुकत नाहीये! पाजण्याआधी बोटांनी निप्पलभोवती हलकेच मिनिटभर आत दाबून धरा, किंवा हाताने थोडं दूध काढा, तो भाग मऊ होतो. 24 तासात 8 ते 12 वेळा पाजा, मध्ये थंड पट्टी ठेवा. पंपाने पूर्ण रिकामं करत बसू नका, त्याने अजून दूध बनतं.

ताप, थंडी किंवा लाल गरम चट्टा दिसला तर लगेच डॉक्टरांना दाखवा, पण पाजणं तेव्हाही चालू ठेवायचं.