वाइनच्या पेल्यातली मिरी

सियागंज या इंदुरातल्या मसाल्याच्या बाजारातून आणलेले चार काळे मिरे खलबत्त्यात भरड कुटा आणि लगेच वास घ्या. जिभेला झोंबतं ते पायपरिन, ते इथे सोडून द्या. मिऱ्याची जी ओळख नाकाला पटते, तिच्यामागे रोटंडोन नावाचं संयुग आहे, आणि शिराझ या वाइनच्या काळ्या द्राक्षाच्या सालीत नेमकं हेच रोटंडोन असतं. ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी २००८ साली ते शोधून काढलं. म्हणजे शिराझला 'मिरीचा वास' येतो म्हणणारा माणूस अलंकारिक बोलत नसतो. लिटरभर रेड वाइनमध्ये १६ नॅनोग्रॅम रोटंडोन असलं तरी नाकाला कळतं. गंमत म्हणजे दर पाचांतल्या एकाला ते भरपूर असूनही जाणवत नाही. तेव्हा एकाच बाटलीवरून दोघांत वाद झाला, तर दोघंही खरं बोलत असू शकतात.

दुसरा वास भाजीच्या टोपलीतला. ढोबळी मिरची (इंदुरात आपण शिमला मिर्चच म्हणतो) मधोमध चिरली की जो हिरवा, कच्चा वास सुटतो, तो पायराझिन गटातल्या संयुगांचा. सोव्हिन्यों ब्लां या पांढऱ्या द्राक्षात तो असतो आणि काबेर्ने सोव्हिन्यों या काळ्या द्राक्षातही. हे घराण्याचं देणं आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस शाखेतल्या डीएनए तपासणीतून १९९७ साली निष्पन्न झालं की काबेर्ने सोव्हिन्यों हे काबेर्ने फ्रां आणि सोव्हिन्यों ब्लां यांचं अपत्य. द्राक्ष पिकत जातं, घडाला ऊन मिळतं, तसा हा वास उतरतो. म्हणून काबेर्नेत ढोबळी मिरची अंगावर येत असेल, तर बहुधा घड पानांच्या सावलीत राहिले किंवा तोडणी घाईने झाली. उपाय म्हणून घडाजवळची पानं काढतात. पण आपल्याकडच्या उन्हात ती जास्त काढली तर साल करपते.

मस्कत द्राक्षाचं काम सोपं: त्यातलं लिनालूल धण्यात असतं, जिरॅनिऑल गुलाबात. गेवुर्त्स्ट्रामिनर या द्राक्षातला लिचीचा वास रोझ ऑक्साइडचा, आणि खऱ्या लिचीतही तेच. शार्डोने मात्र मुळात अबोल द्राक्ष. त्याच्या वाइनमधला लोण्याचा वास जिवाणूंनी बनवलेला आणि व्हॅनिलाचा ओकच्या पिंपातला, हे फार जणांना ठाऊक नसतं.

नाशिककडची शेनिन ब्लां ही पांढऱ्या द्राक्षाची जात तिच्या आंबटपणासाठी लावतात. तोडणी साधारण जानेवारी ते मार्च. उष्णता वाढली की द्राक्ष आपलंच मॅलिक आम्ल जाळून टाकतं. टार्टरिक हे दुसरं आम्ल मात्र बरंचसं टिकतं. तोडणी लांबली तर साखर चढते, आम्ल उतरतं आणि वाइन गुळचट, मिळमिळीत होते.

रंग आणि तुरटपणा कुठून येतो, हे बिया असलेल्या एका काळ्या द्राक्षावर पाहता येईल. साल सोलून गर दाबा: रस जवळजवळ बिनरंगी. नुसती साल चावा, मग बी. जांभळासारखी जीभ आखडते, ते टॅनिन लाळेतल्या प्रथिनांना चिकटल्यामुळे. रेड वाइन सालींसकट आंबवतात, म्हणून रंगही येतो आणि तुरटपणाही. वाइनच्या द्राक्षाचा मणी लहान, साल जाड. खायच्या द्राक्षात साल कमी आणि पाणी जास्त, म्हणून त्याची वाइन फिकी पडते.

हे वास कळायला तापमान सांभाळावं लागतं. रेड वाइन 'खोलीच्या तापमानाला' द्यावी, हा सल्ला युरोपातल्या थंड घरांचा. मे महिन्यात इंदुरातल्या खोलीत तीच बाटली ३५ अंशांवर जाते, आणि मग पेल्यातून मिरी नव्हे, नुसतं अल्कोहोल नाकात शिरतं. रेड १६ ते १८ अंशांना, व्हाइट ८ ते १० अंशांना. फ्रिजमधून काढल्यावर रेड अर्धा तास बाहेर ठेवा, व्हाइट दहा मिनिटं. आणि सोबत जिरावण (इंदुरी पोह्यांवरचा तिखट मसाला) भुरभुरलेलं किंवा हिरवी मिरची घातलेलं काही असेल तर तुरट काबेर्ने उघडूच नका: अल्कोहोलमुळे मिरचीचा जाळ वाढतो. त्यापेक्षा किंचित गोडसर, गार शेनिन बरी.